विश्लेषण : कोयनेच्या डोहात जेलीफिश शोधणारे शं. पु. आघारकर कोण होते?

जेलीफिश म्हटले की समुद्र आठवतो. पण १९११ च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यात, समुद्रापासून दूर सह्याद्रीच्या कुशीतल्या नदीच्या डोहांत एका तरुण मराठी प्राध्यापकाला जेलीफिश सापडले. ते भारतातल्या कोणत्याही नदीत असतील अशी तोवर कुणाला कल्पना नव्हती. त्या तरुणाचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गहू, सोयाबीन आणि द्राक्षाच्या वाणांमुळे ही संस्था शेतकऱ्यांना माहीत आहे, पण आघारकरांची कोयनाकाठची भटकंती फारशी कुणाला ठाऊक नाही.

आगरकर की आघारकर?

ही गल्लत नेहमी होते. आघारकर संशोधन संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे. रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची. त्यात आणखी एक योगायोग म्हणजे आगरकरांचे जन्मगाव टेंभू हे कराडजवळ कृष्णाकाठी आहे आणि आघारकरांना ज्या शोधाने नाव मिळाले, तोही कृष्णेच्याच उपनद्यांमधला. मात्र ही दोन माणसे वेगळी. समाजसुधारक आगरकर १८९५ मध्ये गेले, तेव्हा आघारकर शाळकरी वयाचे होते.

सुरुवात कशी झाली?

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. वनस्पती हा त्यांचा मुख्य विषय. पण त्या काळी वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासात आजच्याइतकी काटेकोर विभागणी नव्हती. सुटीत घाटमाथ्यावर जायचे, झाडे-पाने, किडे, गोगलगायी, पाण्यातले जीव गोळा करायचे आणि जे ओळखता येणार नाही ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियमकडे पाठवायचे, असा क्रम असे.

या म्युझियमचे प्रमुख होते नेल्सन अ‍ॅनंडेल. एडिंबरोचा हा प्राणिशास्त्रज्ञ गोड्या पाण्यातल्या जीवांचा जाणकार होता. पुढे १९१६ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले संचालकही तेच झाले. आघारकरांना सापडलेले जेलीफिश अ‍ॅनंडेल यांच्याकडे पोहोचले आणि त्यांनी १९११ मध्येच म्युझियमच्या नियतकालिकात त्यांचे प्राथमिक वर्णन प्रसिद्ध केले. या जीवाचे नाव ठरले लिम्नोक्निडा इंडिका. तेव्हा आघारकर २६ वर्षांचे होते.

गोड्या पाण्यात जेलीफिश, यात एवढे विशेष काय?

जेलीफिश नाव असले तरी तो मासा नव्हे. हाडे नाहीत, कल्ले नाहीत. पाण्याने भरलेली पारदर्शक छत्री आणि तिच्या कडेला बारीक धाग्यांसारख्या शुंडिका, एवढेच त्याचे शरीर. या गटातले बहुतेक जीव खाऱ्या पाण्यात राहतात. गोड्या पाण्यातल्या प्रजाती मोजक्याच. त्यांची छत्री जेमतेम नाण्याएवढी असते आणि माणसाला त्यांच्यापासून धोका नसतो.

१८८० मध्ये लंडनच्या एका बागेत कमळांच्या हौदात असा जेलीफिश दिसला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांमध्ये मोठी खळबळ उडाली होती. लिम्नोक्निडा या कुळाचे जेलीफिश मात्र तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. टांगानिका सरोवरातली त्यांची नोंद प्रसिद्ध होती. त्याच कुळातला जीव साताऱ्यात कसा? समुद्र ओलांडून तो येणे शक्य नाही, कारण खारे पाणी त्याला सोसत नाही. मग भारत आणि आफ्रिकेच्या प्राचीन भूगोलाशी याचा काही संबंध आहे का? नाण्याएवढ्या जीवामुळे एवढा मोठा प्रश्न उभा राहिला.

तो उन्हाळ्यातच का सापडला?

याचे उत्तर सह्याद्रीतल्या नद्यांच्या वर्षचक्रात आहे. कोयना आणि वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. तिथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात या नद्या गोटे वाहून नेतात. फेब्रुवारीनंतर धार बारीक होते आणि एप्रिल-मेमध्ये खडकांमधले डोह तेवढे उरतात. पाणी संथ, नितळ आणि कोमट असते.

गोड्या पाण्यातल्या जेलीफिशच्या आयुष्याचे दोन टप्पे असतात. एका टप्प्यात तो सूक्ष्म आकाराचा, तळाला चिकटून राहणारा जीव असतो. सहज नजरेस पडत नाही. अनुकूल काळ आला की त्यातून छत्रीवाले जेलीफिश सुटतात. कोयनेतले जेलीफिश कडक उन्हाळ्यात डोहांत दिसत आणि पावसाळी पूर आला की नाहीसे होत. म्हणजे ऑक्टोबरात कुणी त्याच डोहापाशी तासन् तास बसले असते तरी रिकाम्या हाताने परतले असते.

एकदा सापडल्यावर पुन्हा का जावे लागले?

एकदा दिसले म्हणजे योगायोगही असू शकतो. म्हणून पुढच्याच उन्हाळ्यात, १९१२ च्या एप्रिल-मेमध्ये, इंडियन म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली साताऱ्याला आले. वेण्णेच्या खोऱ्यातले मेढा, कोयनेच्या खोऱ्यातली तांबी आणि हेळवाक अशा ठिकाणी पाहणी झाली. ग्रेव्हली यांनी या दौऱ्यात कोळी आणि कीटकांचे नमुनेही गोळा केले. आज जगभरच्या शोधनिबंधांत मेढा आणि हेळवाक ही नावे दिसतात, त्याचे एक कारण हा दौरा.

त्याच वर्षी ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांच्या नावाने जेलीफिशच्या सवयी आणि आढळ यांवर टिपण प्रसिद्ध झाले. आता केवळ नवा जीव सापडल्याची बातमी नव्हती. तो कुठे राहतो, केव्हा दिसतो, कसा वागतो, याची नोंद झाली होती.

यात माशांचा संबंध कुठे आला?

या शोधामुळे साताऱ्याचे ओढे अभ्यासकांच्या नकाशावर आले. अ‍ॅनंडेल यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांमधल्या जीवसृष्टीवर लेखमालाच लिहिली. ती १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातला एक भाग प्रामुख्याने सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या माशांवर आहे. मेढ्याजवळ वेण्णा नदीत मिळालेल्या एका लांबट, चिमुकल्या माशाला त्यांनी नेमॅकायलस अँग्विला असे नाव दिले. लॅटिनमध्ये अँग्विला म्हणजे वाम. वामीसारखा दिसतो म्हणून हे नाव. आजही या प्रजातीचे मूळ ठिकाण म्हणून मेढ्याचेच नाव घेतले जाते.

आघारकर तेव्हा कुठे होते?

जर्मनीत, आणि काही काळ नजरकैदेत. डॉ. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून कोलकाता विद्यापीठात विज्ञानाची अध्यासने सुरू झाली, त्यातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद आघारकरांना मिळाले. पुढील अभ्यासासाठी ते युरोपात गेले आणि १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रुपक्षाचे. त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले.

तरी अभ्यास सुटला नाही. बर्लिनमध्ये विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती, त्या पसरतात कशा आणि मुळात आल्या कुठून. आधी नदीतला जेलीफिश, मग वाळवंटातली झुडपे. पण हा जीव इथे कसा पोहोचला, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

पुण्यातली संस्था कशी उभी राहिली?

१९२० ते १९४६ अशी सुमारे २६ वर्षे त्यांनी कोलकात्यात अध्यापन केले. निवृत्तीनंतर ६२ व्या वर्षी ते महाराष्ट्रात परतले. कोलकात्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती, जिथे सी. व्ही. रामन यांनी काम केले. तशी संस्था आपल्याकडेही हवी, या हेतूने १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच मॅक्स किंवा महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, सुरू झाली. आघारकर तिचे संस्थापक संचालक. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ते या पदावर होते. १९९२ मध्ये तिथल्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

कोयनेचे ते डोह आज कुठे आहेत?

हेळवाकच्या वरच्या अंगाला कोयना धरण बांधले गेले. १०३ मीटर उंचीच्या या धरणामागे शिवसागर जलाशय तयार झाला. तो सुमारे ५० किलोमीटर पसरला आहे आणि त्याची साठवण क्षमता १०५ टीएमसी आहे. त्यात गावे गेली, शेती गेली आणि नदीचे डोहही गेले. उन्हाळ्यात आटून डोहांत उरणारी नदी त्या पट्ट्यात राहिलीच नाही. तिच्या जागी बारमाही खोल पाणी आले. वेण्णेवरही पुढे कण्हेर धरण झाले. १९११ आणि १९१२ च्या उन्हाळ्यातल्या नोंदी नसत्या, तर त्या डोहांत काय होते हे आज कुणालाच सांगता आले नसते.

आज याचा उपयोग काय?

ओढ्या-नद्यांची पाहणी आजही याच तत्त्वावर चालते. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात त्याच ठिकाणी जायचे. तळ खडकाळ आहे की गाळाचा, पाण्याचे तापमान किती, विरघळलेला प्राणवायू किती, हे मोजायचे. जाळ्यात आलेले मासे ओळखायचे, मोजायचे आणि सोडायचे. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांत शिरतात. त्यामुळे केवळ हिवाळ्यात केलेली पाहणी अर्धीच ठरते.

कोयना नदीतल्या माशांवरचा अलीकडचा एक अभ्यास २०११ मध्ये, म्हणजे आघारकरांच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्यात ५८ प्रजातींची नोंद आहे. ही यादी यापुढच्या प्रत्येक पाहणीसाठी तुलनेचा आधार आहे.

तुलनेची गरज खालच्या अंगाला जास्त जाणवते. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीकडे जाते. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मोठ्या संख्येने मासे मेले. अशा वेळी पाण्याचे नमुने लगेच घेता येतात. पण त्या पट्ट्यात आधी कोणते मासे होते, किती होते आणि त्यातले कोणते परत आले, हे फक्त आधीच्या वर्षांच्या नोंदींवरूनच कळते. घटना घडून गेल्यावर त्या नोंदी तयार करता येत नाहीत.

आघारकरांना जेलीफिश सापडला, तेव्हा तिथे धरण नव्हते. त्यांनी डोह पाहिला, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच पाहणी केली. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठावरच्या कुठल्याही महाविद्यालयाला आजही हे जमण्याजोगे आहे. त्यासाठी लागते जाळे, तापमापक, वही आणि दरवर्षी त्याच डोहापाशी जाण्याची चिकाटी.