दख्खनच्या माशांचा नोंदकर्ता

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव पक्षीनिरीक्षकांच्या परिचयाचे आहे. चंडोलाची एक आणि रातव्याची एक जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र महाराष्ट्रातील नद्यांवर त्यांचे याहून मोठे ऋण आहे. दख्खनी महसीर, म्हणजेच 'टॉर खुद्री', या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. तो मासा पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पात्रात मिळाला होता.

२५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात साइक्स यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. भरतपूरचा वेढा, पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळातील खडकी व पुण्याच्या लढाया त्यांनी पाहिल्या. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १८२४ मध्ये. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी अहवाल तयार करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, शेती यांबरोबरच या प्रदेशातील प्राणिजीवनाची नोंदही त्यांनी हाती घेतली. १८२९ मध्ये हे पद रद्द झाले, तेव्हा लष्करी कामातून रजा घेऊन त्यांनी अपुरे काम १८३१ पर्यंत पूर्ण केले.

माशांची नोंद करताना त्यांनी स्थानिक नावांना दिलेले महत्त्व विशेष उल्लेखनीय आहे. नदीकाठच्या लोकांच्या बोलीतील नावेच त्यांनी शास्त्रीय नामावलीत घेतली. शिंगटी, कोळशी, मल्या, नुक्ता, खुद्री ही नावे थोडे लॅटिन वळण घेऊन जगभरच्या ग्रंथांत पोहोचली. कोणता मासा कोणत्या नदीचा, हे त्यामुळे कायमचे नोंदले गेले.

या नोंदीचे मोल दीडशे वर्षांनंतर कळले. १९७०च्या दशकापासून लोणावळ्यातील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात महसीरचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले आणि त्याचे बीज इतर राज्यांतील नद्यांतही सोडण्यात आले. हेतू संवर्धनाचाच होता. मात्र खुद्री जेथे मूळची नव्हती, त्या कावेरीतही ती पोहोचली. तेथे मदार असलेला, नारिंगी परांचा वेगळा महसीर होता. खुद्री वाढत गेली आणि कावेरीचा हा मासा झपाट्याने घटला.

दुर्दैव असे की, या माशाला बिनचूक नावही नव्हते. साइक्स यांनी दख्खनमधील एका वेगळ्याच माशाला दिलेले 'मुसल्ला' हे नाव त्याला चुकून चिकटले होते. नावाचा गोंधळ असल्याने संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याला स्थान मिळेना. शरीररचना आणि डीएनए तपासून २०१८ मध्ये तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

प्रत्येक खोऱ्यातील मासे दीर्घकाळ एकमेकांपासून विलग राहून आपापल्या प्रवाहाशी जुळवून घेतात. ही जनुकीय विविधता एकदा हरवली की ती कोणत्याही बीजकेंद्रातून परत मिळत नाही. थोड्याच नर-माद्यांपासून लाखो पिल्ले निपजली, तरी संख्या वाढते, वैविध्य नव्हे.

१८३१ नंतर साइक्स मायदेशी स्थिरावले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य, १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष आणि १८५७ पासून ॲबर्डीनचे खासदार झाले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी वर्णिलेल्या माशांपैकी अनेक जाती आज सांडपाण्याने काळवंडलेल्या मुळा-मुठेच्या शहरी पात्रात सापडत नाहीत. एखाद्या दिवशी ही नदी पुन्हा स्वच्छ झाली, तर तिच्यात कोणते मासे परतायला हवेत, हे ठरवताना साइक्स यांच्याच यादीचा आधार घ्यावा लागेल.