वालाच्या दाण्यातले शास्त्र शोधणाऱ्या कमलाबाई

कोपरखैरणे गावठाणातल्या आगरी घरात वालाचे बिरडे करायचे तर तयारी एक-दोन दिवस आधीच सुरू होते. वाल रात्रभर भिजतात, फडक्यात बांधून त्यांना मोड आणतात, कोमट पाण्यात टाकून सोलतात आणि मग नीट शिजवतात. १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन इथे शहर वसले. त्याआधी हा भाग भातशेतीचा आणि मिठागरांचा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घ्यायचे, ही या किनारपट्टीची जुनी रीत. वालाला एवढे सोपस्कार का लागतात, याचे उत्तर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात शोधले गेले. ते शोधणाऱ्या संशोधक होत्या डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या कमला भागवत. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. तो नाकारला गेला. गुण कमी पडले नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि प्रवेशासाठी अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, संचालकांचे समाधान झाले तरच ते काम धरले जाणार. अपमान गिळून त्यांनी काम सुरू केले. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विषय निवडला तो दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा. ज्या देशात बहुसंख्यांच्या ताटात मांस-अंडी रोज येत नाहीत, तिथे प्रथिनांचा मुख्य आधार डाळी-कडधान्येच. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य बटाट्यासह वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि त्या लगेच मायदेशी परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा सांभाळून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा नंतर हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या.

इथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातले पदार्थ तपासायला घेतले: कडधान्ये, तांदळाचे पीठ, ताडाची नीरा. वाल आणि डबल बी यांतून त्यांनी ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये वेगळी काढली. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे पाचक द्रव्य. खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करणे हे त्याचे काम. कच्च्या दाण्यातली द्रव्ये त्याला अडवतात. म्हणजे ताटात प्रथिने भरपूर असली तरी शरीराच्या पदरी कमी पडतात. भिजवणे आणि मोड आणणे यांनी या द्रव्यांचा जोर कमी होतो आणि नीट शिजवल्यावर बराचसा नाहीसा होतो. गावठाणातल्या आजीची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरते ती अशी.

आज हे मुद्दाम सांगण्याची गरज आहे. पौष्टिक म्हणून कोणतेही कडधान्य मोड आणून कच्चेच खाण्याची टूम निघाली आहे. वाल आणि राजमा कच्चे किंवा अर्धवट शिजवून कधीही खाऊ नयेत. कच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. मूग-मटकीचे मोडही वाफवून घेतलेले बरे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांसाठी तर नक्कीच.

नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कुपोषित मुले आणि गरोदर आदिवासी स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत फरक पडला, असे त्या कामात दिसले होते. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. मात्र संस्थेचे संचालकपद हक्काचे असूनही अंतर्गत राजकारणामुळे त्यांना उशिरा मिळाले. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्या आघाडीवर होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या आणि ग्राहकांसाठी लेख लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेची वारस असलेली राष्ट्रीय पोषण संस्था आज २००० कॅलरींच्या रोजच्या आहारात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी-मांसमासे) सुचवते. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते; डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात मिळते. म्हणून वरण-भात हा जोडा एकमेकांना पूरक ठरतो. कडधान्यातील तंतुमय भागामुळे जेवणानंतर साखर सावकाश वाढते, हा मधुमेह्यांचा फायदा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जमिनीचाही यात लाभ आहे. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्रवायू जमिनीत बांधतात, त्यामुळे नत्र खत कमी लागते. आणि शिजवलेले वाया न घालवणे हाही आहाराचाच भाग. कोपरखैरण्याचे निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे आहे. ओला कचरा तिथे कुजला की मिथेन वायू निघतो, हे तिथे फिरायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

सवय टिकवायची तर सुरुवात छोटी हवी. आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत, आदल्या रात्री मूठभर कडधान्य भिजत घालावे. पोटात वायू होत असेल तर भिजवलेले पाणी फेकून द्यावे, दाणे मऊ शिजवावेत आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. कमलाबाईंनीही आयुष्यभर मूठभर दाण्यांवर चिकाटीने काम केले. त्याचा उपयोग आज घराघरातल्या ताटात करून घेता येतो.