खुर्ची सोडणारा सोलापूरकर

सोलापूरच्या पार्क मैदानाच्या आसपास संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींत मी आता रीतसर दाखल झालो आहे. विषय ठरलेले. पेन्शन, गुडघे, मुलांची पुण्यातली घरे आणि क्रिकेट. परवा भारताचा कर्णधार कोण असावा यावर जोरात वाद झाला. एक गृहस्थ तर रागावून उठून गेले. त्या वादात मला आमच्या वडिलांची आठवण झाली आणि वडिलांच्या मागोमाग पॉली उम्रीगर आठवले. आमच्या घरात ही दोन नावे अशीच जोडीने येतात.

वडील गिरणीत टाइमकीपर होते. उम्रीगर त्यांच्याहून काही वर्षांनी मोठे. त्यांनी उम्रीगरांना प्रत्यक्ष एकदाही पाहिले नव्हते, पण त्यांचा उल्लेख ते नेहमी ‘आपला पॉली’ असाच करत. कारण एकच. या पारशी मुलाचे बालपण सोलापुरात गेले होते. पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६चा. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. पुढे पोरगा शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेले आणि सोलापूरचे नाव त्यांच्या चरित्रात एका ओळीपुरते उरले. आम्ही सोलापूरकर मात्र ती ओळ सोडायला तयार नसतो. चादर, शेंगाचटणी आणि ती एक ओळ!

सहा फुटांच्या वर उंची, रुंद खांदे. फलंदाजी उत्तम, ऑफकटर आणि फिरकीच्या मधली कामाची गोलंदाजी, आणि यष्टीजवळ उभे राहून झेल घेण्याची हातोटी. १९४८ साली वेस्ट इंडिजचा संघ आला, तेव्हा विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून या मुलाने त्यांच्याविरुद्ध नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच दौऱ्यात कसोटी संघात जागा मिळवली. १९५२च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० होत्या.

आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांची पार दैना उडाली. फ्रेडी ट्रूमनचा वेग त्यांना झेपेना. सात डावांत मिळून धावा ४३. त्याच दौऱ्यात कौंटी संघांविरुद्धच्या सामन्यांत धावांचा पाऊस पडला होता, सगळे सामने धरून सोळाशेच्या वर, पण लोकांच्या लक्षात राहिले ते ट्रूमनसमोर लेगकडे सरकणारे उम्रीगर. पळपुटा हा शिक्का आपल्याकडे फार लवकर बसतो आणि फार उशिरा निघतो. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या. बोलणाऱ्यांची तोंडे तेवढ्यापुरती बंद झाली.

१९५५च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा. कसोटीत भारतीयाने काढलेले ते पहिले द्विशतक. त्या सामन्यात कर्णधार होते गुलाम अहमद. पुढच्या सामन्यापासून कर्णधारपद उम्रीगरांकडे आले. आणि काय योग पाहा, त्यांच्याच नेतृत्वाखाली विनू मंकडांनी मुंबईला २२३ काढून त्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि जानेवारी १९५६मध्ये मद्रासला २३१ काढून तो मोडलाही. मंकड आणि पंकज रॉय यांची ४१३ धावांची सलामी ती हीच. ती २००८ सालापर्यंत जगात अव्वल राहिली. संघ जिंकला, मालिका २-० अशी खिशात आली, कर्णधाराचा स्वतःचा विक्रम दोन महिनेसुद्धा टिकला नाही. बँकेत आम्ही याला शाखेचे टार्गेट पूर्ण झाले आणि आपले इन्सेन्टिव्ह गेले असे म्हटले असते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. भारताचे कर्णधारपद ही नोकरी नव्हे, पण उमेदवारी मात्र तिथे नोकरीपेक्षा जास्त उघड्यावर होते. आमची बढतीची मुलाखत निदान बंद दाराआड होत असे. कर्णधारपदाच्या उमेदवाराची मुलाखत पानाच्या टपरीपासून आगगाडीच्या डब्यापर्यंत सगळा देश घेत असतो. १९५८-५९च्या मोसमात वेस्ट इंडिजचा संघ पुन्हा आला. हॉल आणि गिलख्रिस्ट यांची जलदगती जोडी, फलंदाजीत सोबर्स, कन्हाय. निवड समितीने गुलाम अहमद यांना कर्णधार नेमले. ते जायबंदी झाले म्हणून मुंबईची पहिली कसोटी उम्रीगरांनी सांभाळली आणि अनिर्णित ठेवली. गुलाम अहमद परत आले, उम्रीगर पुन्हा शिपाई झाले. कानपूर हरलो. कलकत्त्याला एक डाव आणि ३३६ धावांनी हरलो. त्यानंतर गुलाम अहमद यांनी निवृत्तीच पत्करली.

चौथी कसोटी मद्रासला, जानेवारी १९५९मध्ये. कर्णधार उम्रीगर. म्हणजे हवी असलेली खुर्ची रीतसर मिळाली. पण सामन्याच्या तोंडावर संघात एक जागा रिकामी झाली. ती कोणाला द्यायची यावर कर्णधाराचे एक मत आणि क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचे दुसरे. अध्यक्ष हटेनात. मैदानावर अकरा माणसे माझ्या भरवशावर उतरायची आणि त्यातला एक मी नको म्हणत असताना माझ्या हातात द्यायचा, हे उम्रीगरांना मानवले नाही. आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. पळापळ झाली. शेवटी मंकड कर्णधार झाले. पाचव्या सामन्याला हेमू अधिकारी. पाच सामने, चार कर्णधार. असा पोरखेळ आपल्या क्रिकेटमध्ये पुन्हा झाल्याचे मला तरी आठवत नाही.

खुर्ची सोडली यात मला फारसे नवल वाटत नाही. रागाच्या भरात खुर्च्या बरेच जण सोडतात. नवल वाटते ते दुसऱ्या दिवसाचे. उम्रीगर सकाळी मंकडांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून मैदानात उतरले. पाठदुखी नाही, ताप नाही.

पाठदुखीचे मुद्दाम लिहिले, कारण तो दाखला माझाच आहे. सत्याण्णव साली आमच्या बँकेत बढतीची यादी लागली. शहरातल्या मुख्य शाखेच्या मॅनेजरपदावर माझा फार दिवसांचा डोळा होता. मुलाखत चांगली झाली होती. सहकाऱ्यांनी आगाऊ पेढे मागितले होते आणि मी मूर्खासारखे दिलेही होते. यादीत नाव निघाले ते मी ज्याला लेजर आणि कर्जखाती शिकवली त्या अधिकाऱ्याचे. मी डॉक्टरांकडून पाठदुखीचा दाखला घेतला आणि तीन आठवड्यांच्या रजेवर घरी बसलो. पाठीला काही झालेले नव्हते. बायकोला ते माहीत होते, ती बोलली नाही. वडीलही दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून पिवळी पडलेली कात्रणे काढली आणि चष्मा पुसून मला उम्रीगरांची पुढची हकिकत सांगायला घेतली. सदतीस वर्षांचा बाप्या मी, आणि वडील क्रिकेटची गोष्ट सांगत बसले होते. उठून जावेसे वाटत होते, पण गेलो नाही.

ती पुढची हकिकत अशी. मद्रासनंतर कर्णधारपद उम्रीगरांकडे कधीच परतले नाही. १९५९च्या इंग्लंड दौऱ्यात दत्ता गायकवाड कर्णधार. पाचही कसोट्या हरलो. त्या पडझडीत ओल्ड ट्रॅफर्डवर उम्रीगरांचे ११८. त्याच वर्षी डिसेंबरात कानपूरला रामचंद यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियावर आपला पहिला विजय. जसू पटेलांचे चौदा बळी सगळ्यांना पाठ आहेत, शेवटच्या डावात उम्रीगरांनी २७ धावांत चार टिपले होते हे फार थोड्यांना. मग नरी कॉन्ट्रॅक्टर कर्णधार. त्यांच्या हाताखाली पाकिस्तानविरुद्ध एकाच मालिकेत तीन शतके. मंकड, अधिकारी, गायकवाड, रामचंद, कॉन्ट्रॅक्टर. वडील बोटे मोजत गेले.

आणि मग १९६२चा वेस्ट इंडिज दौरा. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यावर आदळला. जीव वाचेल की नाही अशी अवस्था. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे उम्रीगरही होते. कर्णधारपद कोणाकडे? संघात सर्वात अनुभवी उम्रीगर. पण उपकर्णधार होते पतौडी, वय एकवीस. त्यांच्याकडे गेले. त्याच बार्बाडोसच्या कसोटीत उम्रीगरांना छत्तीस वर्षे पूर्ण झाली.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची. त्यात उम्रीगरांनी गोलंदाजीत १०७ धावांत पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ काढल्या, आणि फॉलोऑन बसल्यावर दुसऱ्या डावात नाबाद १७२. हॉल, सोबर्स, गिब्ज यांच्यासमोर. पंधरा वर्षांनी लहान कर्णधाराच्या हाताखाली, हरलेल्या मालिकेत, हरणाऱ्या सामन्यात. सामना गेलाच, सात गड्यांनी. वडील तो आकडा उच्चारताना नेहमी जरा थांबत. नाबाद, आणि मग एकशे बहात्तर.

त्या दौऱ्यानंतर उम्रीगर निवृत्त झाले. ५९ कसोट्या, ३६३१ धावा, १२ शतके. तिन्ही तेव्हा भारतीय उच्चांक होते. धावांचा आणि शतकांचा उच्चांक मोडायला सत्तरच्या दशकात सुनील गावसकर यावे लागले. कर्णधार म्हणून मात्र हिशेब आठ कसोट्यांचा. दोन जिंकल्या, दोन गमावल्या, चार अनिर्णित.

तक्रार करायला पुढे त्यांना चव्वेचाळीस वर्षे मिळाली. मुंबईच्या क्रिकेटमध्ये सगळ्यांचे पॉलीकाका झालेल्या या माणसाने ती कामातच घालवली. भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, मुंबईच्या संघटनेत आणि मंडळात पदे सांभाळली, वानखेडेची खेळपट्टी जोपासली. १९७८ ते १९८२ या काळात तर निवड समितीचे अध्यक्षपदच त्यांच्याकडे होते. म्हणजे इतरांना कर्णधार करायचे आणि काढायचे काम. त्या चार वर्षांत ती खुर्ची बेदी, गावसकर, वेंकटराघवन, विश्वनाथ अशी फिरली. नाव वगळल्यावर घरी बसलेल्या माणसाला काय वाटते हे त्या टेबलाभोवती त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी नावे वगळावी लागलीच. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळ देते तो पुरस्कार आता त्यांच्या नावाने आहे.

मद्रासला त्यांनी केले ते बरोबर की आततायी, यावर माझे आणि वडिलांचे कधी जमले नाही. मला वाटते, सामना खेळून मग राजीनामा दिला असता तर संघाची आदल्या रात्रीची फरफट टळली असती. वडील म्हणत, सामना झाल्यावर दिलेला राजीनामा म्हणजे हरल्यावर दिलेला राजीनामा. गिरणीतल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो.

माझ्या रजेचे अकरा दिवस शिल्लक होते. सोमवारी मी ते रद्द करण्याचा अर्ज लिहून शाखेत गेलो. नवा मॅनेजर मला पाहून गडबडीने उठला आणि उभाच राहिला, बसावे की नाही हे त्याला कळेना. मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला, सही घेतली, आणि तिमाहीची थकीत खाती कुठवर आली आहेत ते विचारले.