शेतकऱ्याचं पोर आणि डिझेलची मोटार

पिकअपचं मूळ इंजिन उतरवून दुसरं डिझेल इंजिन चढवणं, हे काम आज गॅरेजवाल्यांना नवीन नाही. पण डिझेल म्हणजे बोटीत नाहीतर कारखान्यात, मोटारीत त्याचं काय काम, असं समजलं जाण्याचा एक काळ होता. अमेरिकेत हा समज मोडणारे क्लेसी कमिन्स शेतकऱ्याच्या घरातले.

त्यांचा जन्म १८८८ चा, इंडियाना राज्यातला. शाळा आठवीपर्यंतच. कोलंबस गावचे बँकवाले आयर्विन यांच्याकडे ते मोटार चालवायला राहिले. मालकाने त्यांच्या हातचं कसब ओळखलं आणि मालकाच्याच पैशावर १९१९ साली कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली.

सुरुवात शेतीच्या लहान इंजिनांपासून झाली. सिअर्स रोबक कंपनी ती टपालाने विकायची, पसंत न पडल्यास पैसे परत या बोलीवर. कित्येकांनी हंगामभर इंजिन वापरलं आणि काम उरकल्यावर परत धाडलं. धंदा गाळात गेला. पुढे आयर्विन पैसा घालत राहिले, पण नफ्याचं नाव नाही. १९२९ च्या अखेरीस शेअरबाजार कोसळला आणि कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली.

तेव्हा कमिन्स यांनी एक वापरलेली पॅकार्ड मोटार घेतली. तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि बोटीसाठी बनवलेलं आपलं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. नाताळच्या दिवशी मालकांना त्याच गाडीतून फिरवून आणलं. आयर्विन यांनी पुन्हा थैली सोडली. जानेवारी १९३० मध्ये ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला गेली. सुमारे ८०० मैलांना, म्हणजे जवळपास १,३०० किलोमीटरला, इंधन लागलं अवघं १ डॉलर ३८ सेंटचं!

१९३१ साली त्यांच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. नंबर तेरावा आला, पण डिझेलचं नाव झालं. त्याच वर्षी डिझेल ट्रकने देश ओलांडताना कॅलिफोर्नियाच्या एका घाटात ब्रेक गेले. खाली रुळावर आगगाडी! सारे थोडक्यात बचावले. ही गोष्ट कमिन्स विसरले नाहीत. पुढे त्यांनी इंजिनच ब्रेकचं काम करील अशी योजना शोधली. ती १९६१ पासून बाजारात आली.

कंपनीला पहिला नफा झाला १९३७ साली. पुण्यात किर्लोस्करांच्या जोडीने कारखाना निघाला १९६२ मध्ये. १९६८ साली कमिन्स वारले.

इंजिन बदलणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवं इंजिन गाडी ओढील, पण वाढलेलं वजन ब्रेक, चासी आणि स्प्रिंगपाट्यांना पेललं पाहिजे. शिवाय आपल्याकडे आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद हवीच. नाहीतर अपघाताच्या वेळी विम्याची पंचाईत होते.