ल्युसिल बॉल

ल्युसिल डेझिरे बॉल (जन्म : जेम्सटाउन, न्यू यॉर्क राज्य, ६ ऑगस्ट १९११, मृत्यू : लॉस एंजेलिस, २६ एप्रिल १९८९) या अमेरिकन अभिनेत्री, विनोदी कलावंत आणि दूरचित्रवाणी निर्मात्या होत्या. १९५१ ते १९५७ या काळात प्रसारित झालेल्या ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेतील लुसी रिकार्डो या भूमिकेमुळे त्या अमेरिकेतील घराघरांत पोहोचल्या. प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजेच ‘सिटकॉम’, या प्रकाराचे आजचे रूप घडवण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे. पडद्यावर नवऱ्याच्या आज्ञेतून सुटण्यासाठी धडपडणारी व दर आठवड्याला फसणारी गृहिणी साकारणाऱ्या बॉल प्रत्यक्षात एका मोठ्या निर्मितीसंस्थेच्या सहमालक होत्या आणि पुढे त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या.

== बालपण आणि शिक्षण ==

ल्युसिल यांचे वडील हेन्री बॉल हे दूरध्वनीच्या तारा टाकण्याचे व दुरुस्तीचे काम करीत. नोकरीनिमित्त कुटुंबाला वेगवेगळ्या गावी राहावे लागे. १९१५ मध्ये विषमज्वराने वडिलांचे निधन झाले, तेव्हा ल्युसिल अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. धाकटा भाऊ फ्रेड याचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर झाला. पुढे आई डेझिरे दोन्ही मुलांना घेऊन जेम्सटाउनजवळच्या सेलोरॉन या गावी माहेरी राहू लागल्या. आजोबा फ्रेड हंट हे समाजवादी विचारांचे होते. नातवंडांना नाटके व तमाशे दाखवण्याची त्यांना हौस होती.

१९२७ मध्ये हंट यांच्या अंगणात मुले बंदुकीने नेमबाजी करीत असताना शेजारचा एक मुलगा गोळी लागून जायबंदी झाला. त्यावरून झालेल्या दाव्यात कुटुंबाचे घर गेले. याच सुमारास ल्युसिल न्यू यॉर्क शहरातील जॉन मरे अँडरसन यांच्या नाट्यशाळेत दाखल झाल्या होत्या. तेथे बेटी डेव्हिस त्यांच्या सहाध्यायी होत्या. मुलगी फार बुजरी असून तिला या क्षेत्रात भवितव्य नाही, असे शिक्षकांचे मत पडले व ल्युसिल घरी परतल्या. मात्र त्या पुन्हा न्यू यॉर्कला गेल्या आणि हॅटी कार्नेगी यांच्या वस्त्रालयात मॉडेल म्हणून काम करू लागल्या.

== चित्रपटांतील वर्षे ==

१९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटात नृत्यसमूहातील एक मुलगी म्हणून त्यांना हॉलीवूडमध्ये पहिले काम मिळाले. त्यानंतर आरकेओ या चित्रसंस्थेच्या करारावर त्यांनी अनेक लहानमोठ्या भूमिका केल्या. ‘स्टेज डोअर’ (१९३७) व ‘डान्स, गर्ल, डान्स’ (१९४०) हे त्यांपैकी उल्लेखनीय होत. कमी खर्चाच्या दुय्यम चित्रपटांत त्या सतत दिसत. पहिल्या फळीच्या नायिकेचे स्थान मात्र त्यांना मिळाले नाही. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेत गेल्यावर ‘डू बॅरी वॉज अ लेडी’ (१९४३) या रंगीत चित्रपटासाठी त्यांचे केस लाल रंगवण्यात आले. ते केस ही त्यांची कायमची ओळख ठरली, जरी त्यांची सर्वांत गाजलेली मालिका कृष्णधवल होती.

== विवाह आणि नभोवाणी ==

‘टू मेनी गर्ल्स’ (१९४०) या चित्रपटाच्या वेळी त्यांची भेट क्यूबात जन्मलेले वादक व गायक डेसी आर्नाझ यांच्याशी झाली. ३० नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचा विवाह झाला. आर्नाझ वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर आणि बॉल चित्रीकरणात, अशा स्थितीत दोघांचा सहवास फार थोडा होता.

१९४८ मध्ये सीबीएस या प्रसारणसंस्थेच्या नभोवाणीवर ‘माय फेवरिट हजबंड’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तीत बॉल यांनी गृहिणीची भूमिका केली. प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रण होत असल्याने त्यांच्या हावभावांना समोरून दाद मिळे. जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू व बॉब कॅरोल हे पुढील काळातील लेखकही त्यांना येथेच भेटले. सीबीएसने ही मालिका दूरचित्रवाणीवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पतीची भूमिका आर्नाझ यांनाच मिळावी, अशी अट बॉल यांनी घातली. अमेरिकन गोरी स्त्री आणि स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारा क्यूबन पुरुष हे जोडपे प्रेक्षकांना पटणार नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ते दहा वर्षांचे विवाहित जोडपे होते. १९५० मध्ये दोघांनी रंगमंचीय प्रयोगांचा दौरा काढला. प्रेक्षकांनी त्यांना उचलून धरले व संस्थेचा आक्षेप मागे पडला. याच वर्षी दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘डेसिलू’ ही निर्मितीसंस्था स्थापन झाली.

== आय लव्ह लुसी ==

=== निर्मितीची पद्धत ===

त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यू यॉर्कहून थेट प्रसारित होत. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्राचेच चित्रीकरण करून ती फीत पश्चिम किनाऱ्यावर दाखवली जाई. त्यामुळे तिचा दर्जा निकृष्ट असे. बॉल व आर्नाझ यांना हॉलीवूड सोडायचे नव्हते. म्हणून त्यांनी मालिका ३५ मिलिमीटर चित्रफितीवर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी व समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने चित्रित करण्याचे ठरवले. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाचे छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी यासाठी तिन्ही कॅमेऱ्यांना सारखी चालेल अशी प्रकाशयोजना बसवली. या पद्धतीचा वाढीव खर्च भागवण्यासाठी दाम्पत्याने आपले मानधन कमी करून घेतले आणि त्या बदल्यात चित्रफितींची मालकी स्वतःकडे ठेवली. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोणी पाहील असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते. पुनःप्रसारणाची प्रथा रूढ झाल्यावर या मालकीचे मोल कळले.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिला भाग प्रसारित झाला. न्यू यॉर्कमधील एका भाड्याच्या घरात राहणारे लुसी व रिकी रिकार्डो आणि त्यांचे घरमालक एथेल व फ्रेड मर्ट्झ ही चार मुख्य पात्रे होती. मर्ट्झ दाम्पत्याच्या भूमिका व्हिव्हियन व्हॅन्स व विल्यम फ्रॉली यांनी केल्या. मालिकेच्या सहा हंगामांपैकी चार हंगामांत ती देशात सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. ६ मे १९५७ रोजी ती संपली, तेव्हाही ती पहिल्या क्रमांकावर होती.

=== पडद्यावरील गरोदरपण ===

१९५२ मध्ये बॉल पुन्हा गरोदर राहिल्या. दूरचित्रवाणीवर गरोदर स्त्री याआधी क्वचितच दिसली होती. १९४८ मधील ‘मेरी के अँड जॉनी’ हा एक अपवाद होता. रिकार्डो पतीपत्नींच्या खाटाही पडद्यावर स्वतंत्र दाखवल्या जात. बॉल यांना टेबलखुर्च्यांच्या आड उभे करून अवस्था लपवावी, असा सल्ला प्रसारणसंस्था व जाहिरातसंस्थेकडून आला. बॉल, आर्नाझ व ओपनहायमर यांनी तो मानला नाही. लुसीलाही मूल होणार, असेच कथानक त्यांनी रचले. आर्नाझ यांनी प्रायोजक फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या प्रमुखांकडे थेट दाद मागितली व निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

तडजोडी मात्र कराव्या लागल्या. प्रत्येक संहिता कॅथलिक धर्मगुरू, प्रोटेस्टंट धर्मोपदेशक व ज्यू रब्बी यांना दाखवली जाई. ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द संवादांत आला नाही. मराठीत ‘दिवस गेले’ असे म्हणतात, तसा आडवळणाचा शब्द वापरला गेला. एका भागाच्या शीर्षकासाठी तर फ्रेंच शब्दाचा आधार घेतला गेला.

१९ जानेवारी १९५३ रोजी सकाळी बॉल यांनी पूर्वनियोजित शस्त्रक्रियेद्वारे मुलाला जन्म दिला आणि त्याच रात्री लुसीला मुलगा झाल्याचा भाग प्रसारित झाला. तो सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला, असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीचे प्रेक्षक याहून बरेच कमी होते. धर्मगुरूंच्या डोळ्यांखालून गेलेला हा विषय प्रेक्षकांनी मात्र सहज स्वीकारला.

=== गृहिणीची प्रतिमा ===

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या अनेक अमेरिकन स्त्रियांनी युद्धानंतर घरी परतावे, अशी समाजाची अपेक्षा होती. लुसी रिकार्डो ही त्या काळाची गृहिणी आहे. नवऱ्याच्या क्लबमध्ये गाण्यानाचण्याची, स्वतः पैसे मिळवण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी ती वेषांतर करते, खोटे बोलते, एथेलला सोबत ओढते व शेवटी पकडली जाते. १९५२ मधील एका प्रसिद्ध भागात दोन्ही पत्नी चॉकलेटच्या कारखान्यात नोकरीला लागतात आणि दोन्ही पती घर सांभाळू पाहतात. सरकत्या पट्ट्याचा वेग वाढल्यावर चॉकलेटे तोंडात व कपड्यांत कोंबणाऱ्या लुसी व एथेल आणि स्वयंपाकघरात भाताचा डोंगर उभा करणारा रिकी, दोन्हीकडे फजितीच होते. अखेरीस सर्वजण आपापल्या जुन्या जागी परततात.

या शेवटाविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. काहींच्या मते मालिका स्त्रीच्या प्रत्येक बंडाला हास्यास्पद ठरवून घराच्या चौकटीलाच बळकटी देते. रिकीने लुसीला लहान मुलासारखे मांडीवर घेऊन चोप देण्याचे प्रसंग विनोद म्हणून दाखवले जात, हेही ते लक्षात आणून देतात. दुसऱ्या मतानुसार शेवटाच्या एका मिनिटापेक्षा आधीची पंचवीस मिनिटे महत्त्वाची आहेत. त्यांत प्रेक्षक एका स्त्रीची न संपणारी हाव, बुद्धी व शारीरिक कसब पाहतो आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा प्रयत्न करणार हे त्याला ठाऊक असते. मिश्र विवाहाबाबत मालिका अधिक धीट होती. रिकीच्या उच्चारांची थट्टा करण्याचा हक्क संहितेत सहसा फक्त लुसीला असे आणि तो प्रतिष्ठित, कमावता कलावंत म्हणूनच दाखवला जाई.

== १९५३ ची चौकशी ==

सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने बॉल यांची साक्ष नोंदवली. १९३६ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचा उल्लेख केला होता. वृद्ध आजोबांच्या समाधानासाठी आपण तसे केले, असे त्यांनी सांगितले. ही बातमी फुटल्यावर मालिका बंद पडण्याची भीती निर्माण झाली. चित्रीकरणाला जमलेल्या प्रेक्षकांसमोर आर्नाझ यांनी पत्नीची बाजू मांडली. प्रेक्षकांनी तिचे टाळ्यांच्या गजरात स्वागत केले. समितीने पुढे कारवाई केली नाही व प्रायोजकानेही साथ सोडली नाही.

असे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. ‘द गोल्डबर्ग्स’ या तशाच कौटुंबिक विनोदी मालिकेतील अभिनेते फिलिप लोब यांना अशाच आरोपांमुळे काम गमवावे लागले आणि १९५५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

== डेसिलूच्या प्रमुखपदी ==

ज्या आरकेओ संस्थेत बॉल एकेकाळी करारावर काम करीत, तिची चित्रनगरी डेसिलूने १९५७ मध्ये विकत घेतली. व्यवसाय वाढला, पण आर्नाझ यांचे मद्यपान व परस्त्रीसंबंध यांमुळे संसार विस्कटला. दाम्पत्याचा शेवटचा एकत्र कार्यक्रम १९६० मध्ये प्रसारित झाला व त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. पडद्यावरील आदर्श जोडपे विभक्त झाल्याने अनेक प्रेक्षकांना धक्का बसला. १९६१ मध्ये बॉल यांनी विनोदी कलावंत गॅरी मॉर्टन यांच्याशी विवाह केला.

१९६२ मध्ये त्यांनी आर्नाझ यांचे समभाग विकत घेतले. एवढ्या मोठ्या दूरचित्रवाणी निर्मितीसंस्थेचे प्रमुखपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ‘मिशन : इम्पॉसिबल’ व ‘स्टार ट्रेक’ या १९६६ मध्ये सुरू झालेल्या मालिका डेसिलूच्याच होत. खर्चाच्या भीतीने सहकाऱ्यांचा विरोध असताना बॉल यांनी ‘स्टार ट्रेक’ला पाठबळ दिल्याचे संस्थेतील अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. १९६७ मध्ये संस्था गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला १ कोटी ७० लाख डॉलरना विकण्यात आली.

== नंतरच्या मालिका ==

‘द लुसी शो’ (१९६२–१९६८) मध्ये नवरे नसलेल्या दोन स्त्रिया मुलांसह एका घरात राहतात. लुसी विधवा होती, तर व्हिव्हियन व्हॅन्स यांनी साकारलेली मैत्रीण घटस्फोटित होती. घटस्फोटित स्त्रीला नियमित पात्र म्हणून स्थान देणाऱ्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या मालिकांत हिची गणना होते. मुख्य नायिकेला मात्र तेव्हाही विधवाच ठेवले गेले.

‘हिअर्स लुसी’ (१९६८–१९७४) मध्ये बॉल यांच्यासोबत लुसी व डेसी ही त्यांची दोन्ही मुले होती. या काळात सिटकॉम बदलत होते. १९७० मधील ‘द मेरी टायलर मूर शो’ची नायिका अविवाहित व नोकरी करणारी होती, १९७१ मधील ‘ऑल इन द फॅमिली’ने वर्णद्वेष व व्हिएतनाम युद्ध दिवाणखान्यात आणले. बॉल यांनी आपला जुना, फजितीवर आधारलेला विनोद सोडला नाही. ज्या मालिकांनी त्यांना मागे टाकले, त्यांपैकी अनेक त्यांनीच रूढ केलेल्या पद्धतीने, अनेक कॅमेऱ्यांनी व प्रेक्षकांसमोर चित्रित होत होत्या.

== अखेरची वर्षे ==

१९८५ मध्ये ‘स्टोन पिलो’ या दूरचित्रपटात त्यांनी रस्त्यावर राहणाऱ्या बेघर वृद्धेची गंभीर भूमिका केली. १९८६ मधील ‘लाइफ विथ लुसी’ ही मालिका मात्र आठ भागांनंतर बंद झाली. हे अपयश त्यांच्या जिव्हारी लागले. त्याच वर्षी २ डिसेंबरला आर्नाझ यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच बॉल यांनी केनेडी सेंटरचा सन्मान स्वीकारला. घटस्फोटानंतरही दोघांतील स्नेह टिकून होता.

एप्रिल १९८९ मध्ये महाधमनीच्या विकारामुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती सुधारत असताना २६ एप्रिल रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुढे जेम्सटाउन येथील कौटुंबिक दफनभूमीत आणण्यात आल्या.

== सन्मान आणि स्मृती ==

अभिनयासाठी त्यांना चार एमी पुरस्कार मिळाले. १९७९ मध्ये सेसिल बी. डमिल पुरस्काराने व मृत्यूनंतर जुलै १९८९ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ या सर्वोच्च नागरी सन्मानाने त्यांना गौरवण्यात आले. त्यांचे आत्मचरित्र ‘लव्ह, लुसी’ मरणोत्तर १९९६ मध्ये प्रकाशित झाले. ‘बीइंग द रिकार्डोज’ (२०२१) या चित्रपटात त्यांची भूमिका निकोल किडमन यांनी केली. जेम्सटाउन येथे बॉल व आर्नाझ यांच्या स्मरणार्थ संग्रहालय असून, २०१८ मध्ये त्याच गावी विनोदी कलेला वाहिलेले राष्ट्रीय केंद्र सुरू झाले.