धर्मानंद कोसंबी : शंकेतून श्रद्धेकडे

थळच्या उपासक-उपासिकांनो, मनात शंका आली म्हणजे श्रद्धा गेली का? धर्मानंद कोसंबींचे जीवन पाहा.

१८७६ साली गोव्यातील सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. मासिकातले बुद्धचरित्र वाचले आणि बुद्ध मनात ठसला. १८९९ मध्ये बायको-मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. १९०२ साली नेपाळात गेले. तिथली धर्माची अवस्था बघून मन खचले. हाच का बुद्धाचा धम्म? पण माघारी फिरले नाहीत. मुळातूनच शिकायचे म्हणून सिलोन गाठले, श्रामणेर झाले, पाली शिकले.

पुढे 'भगवान बुद्ध' ग्रंथात म्हातारा, रोगी, प्रेत पाहून गृहत्याग केल्याची कथाही त्यांनी पारखली. खरी मानली नाही. बुद्धावरची श्रद्धा मात्र १९४७ साली सेवाग्रामला निधन होईपर्यंत ढळली नाही.

तेव्हा विहारात पोरं प्रश्न विचारतात, त्यांना गप्प बसवू नका. जय भीम!