जो पाइन

ज्याच्या जिभेची अमेरिकेंत अनेकांस धास्ती वाटे, त्या जो पाइनच्या वाणींतच दोष होता, हें नवल! पेन्सिल्व्हेनियांतील चेस्टर गांवीं १९२४ सालीं तो जन्मला. महायुद्धांत त्याच्या पायास जखम झाली. १९५५ त तो पाय कापावा लागला. युद्धावरून परतल्यावर वाणी सुधारण्यासाठीं तो नाट्यशाळेंत शिकला व नभोवाणीवर बोलूं लागला. १९६५ त लॉस एंजेलिसचा त्याचा दूरचित्रवाणी-संवाद गाजला. आपणच बोलाविलेल्या पाहुण्याचा तो सर्वांदेखत पाणउतारा करी. ही रीत आम्हांस रुचत नाहीं. वॉट्सच्या दंग्याच्या वेळीं त्यानें मेजाच्या खणांतील पिस्तूल दाखविलें, तेव्हां त्यास कांहीं दिवस दूर ठेवण्यांत आलें. तथापि इतरत्र थारा नसलेल्या मतांस त्याच्यापुढें जागा मिळे, हेंही खरें. बोलतांनाही सिगारेट हातीं असे. १९७० सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानें तो वारला. वय अवघें ४५ होतें.